परीक्षक म्हणून पहिल्यांदा जाताय? खुल्या चित्रप्रदर्शनासाठी थोडी तयारी

परवा चोपड्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आमच्याकडे खुलं चित्रप्रदर्शन आहे आणि मला परीक्षक केलंय. काय करू?" हा मुलगा स्वतः शाळेत चित्रकला शिकवतो, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो, तरी घाबरला होता. घाबरला ते बरंच झालं. न घाबरता जाणारे परीक्षक मी पाहिलेत. चहा घेतात, एक चक्कर मारतात, तीन नंबर सांगतात आणि सत्काराची शाल घेऊन निघतात. फोनवर त्याला जे तुटक सांगितलं, ते इथे नीट लिहितो.

आधी 'खुलं' म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा. राज्य कला प्रदर्शनासारख्या ठिकाणी कामं आधी निवडली जातात, मग भिंतीवर लागतात. खुल्या प्रदर्शनाला दारावर चाळणी नसते. अर्ज भरला, काम आणून दिलं, की लागलं. त्यामुळे जी.डी. आर्ट (कलेची सरकारी पदविका) केलेल्या माणसाच्या तैलरंगाशेजारी आठवीतल्या पोराचं पोस्टर कलरचं चित्र असतं, त्याच्या बाजूला निवृत्त कंडक्टरने पेन्सिलने काढलेले गजानन महाराज आणि कोपऱ्यात कुणा आजीची गोधडी. ही सरमिसळ हेच या प्रदर्शनाचं सुख आहे, आणि परीक्षकाचं दुखणंही.

हो म्हणण्याआधी

आयोजक हमखास म्हणतात, "सर, तासाभराचं काम आहे." तासाभराचं नसतं. हिशोब करून बघा. 140 कामं असली आणि प्रत्येकासमोर नुसता अर्धा मिनिट थांबलात तरी 70 मिनिटं गेली, आणि ती फक्त पहिली फेरी. त्यातून निवडलेल्या 30 कामांना तीन-तीन मिनिटं दिली की आणखी दीड तास. वर चर्चा, लिखापढी. म्हणजे अर्धा दिवस. बक्षीस समारंभ त्याच दिवशी संध्याकाळी पाचला असेल तर तुम्ही सकाळी नऊला तिथे पाहिजे, हे फोनवरच सांगून टाका.

फोनवरच आणखी विचारा: कामं किती, गट किती, बक्षिसं किती, परीक्षक किती? परीक्षक तीन असावेत. दोघांत अडलं की अडलंच. तिघांपैकी एक तरी वेगळ्या माध्यमातला असला तर फार उपयोग होतो. मूर्तिकार, फोटोग्राफर, नाहीतर छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस. गट वयाचे आहेत की माध्यमाचे, हेही विचारा. दोन्ही नसतील तर निदान शाळकरी मुलं वेगळी काढायला लावा. बारा वर्षांची मुलगी आणि चाळीस वर्षांचा कलाशिक्षक यांना एका ओळीत उभं करून कुणाचंच भलं होत नाही.

आणि नात्यागोत्याचं काय? आपल्या खान्देशात हा प्रश्न सुटणारा नाही. अमळनेरला जा की शहाद्याला, प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा निघतो. नावाच्या चिठ्ठ्या झाकायला लावा, जरूर लावा, पण तालुक्याच्या गावी हात ओळखू येतोच. सही तर खालच्या कोपऱ्यात ठसठशीत असते. म्हणून साधा नियम पाळा. स्वतःचा विद्यार्थी, घरचा माणूस किंवा ज्याच्याशी वाकडं आहे असा माणूस (हे लोक विसरतात) दिसला की सुरुवातीलाच बाकी दोघांना सांगायचं आणि त्या कामापुढचा तुमचा रकाना कोरा ठेवायचा. उरलेल्या दोघांच्या क्रमाची सरासरी धरायची. यात कमीपणा नाही.

भिंती बघून घ्या

पिशवीत पेन्सिल, खोडरबर, जाड पुठ्ठ्याची पाटी, छोटी टॉर्च, पाण्याची बाटली आणि टेप एवढं असू द्या. टॉर्च चेष्टेत घेऊ नका. आपली प्रदर्शनं मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये भरतात. तिथल्या ट्यूबलाइट लग्नाच्या पंगतीसाठी लावलेल्या असतात, चित्रांसाठी नाही. काचेच्या फ्रेमवर ट्यूबचा पट्टा पडतो आणि नेमका चेहरा दिसत नाही. अशा वेळी एक पाऊल डावीकडे सरका, खाली वाका. तरी दिसत नसेल तर आयोजकांना सांगून ते काम हलवायला लावा. तुम्ही पाहुणे आहात, सांगितलेलं ऐकतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर असला तर उभ्या माणसाला नीट दिसतो. इथे तसं नसतं. जागा कमी म्हणून तीन रांगा लावतात आणि सगळ्यात खालची रांग गुडघ्याशी येते. तिथे बहुधा लहान कामं आणि मुलांची कामं असतात. स्टूल मागवा आणि बसून बघा. उन्हाळ्यात प्रदर्शन असेल तर आणखी एक गोष्ट: मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो, माउंट न केलेला कागद हॉलमध्ये वाळून वाकडा होतो, पंख्याखाली फडफडतो. कागद वाकला हा चित्राचा दोष धरू नका.

पहिली फेरी: हात मागे बांधून

वही बाहेर काढायची नाही. तिघांनी वेगवेगळ्या टोकांकडून सुरुवात करायची, एकमेकांशी बोलायचं नाही. सगळे दारापासून निघाले तर दारापाशी लागलेल्यांना ताजे डोळे मिळतात आणि शेवटच्या भिंतीला थकलेले. आयोजकांपैकी कुणी बरोबर चालत "सर, हे आमच्या नगरसेवकांच्या कन्येचं" असं सांगू लागला तर त्याला चहा सांगायला पाठवा.

या फेरीत कशाला किती मार्क, हा विचार नकोच. सगळं मिळून काय आलंय याचा अंदाज घ्या. खान्देशातल्या प्रदर्शनात काही विषय ठरलेले असतात: तापीचा घाट, केळीची बाग, जात्यावर बसलेल्या बहिणाबाई, सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीतले मोरपिसांचे टोप, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. एका वर्षी मी पाच पद्मपाणी मोजले. विषय नेहमीचा म्हणून चित्र वाईट ठरत नाही आणि कुणी अगदीच वेगळा विषय घेतला म्हणून चांगलंही ठरत नाही. पण पाच पद्मपाणी शेजारी-शेजारी आठवून बघितले की कोणी नुसता छापील फोटो मोठा केलाय आणि कोण त्या झुकलेल्या मानेपाशी थांबलंय, ते कळतं.

दुसरी फेरी: टिकल्या

स्टेशनरीच्या दुकानात रंगीत गोल स्टिकर मिळतात. प्रत्येक परीक्षकाला एका रंगाच्या पंधरा टिकल्या. ज्यावर पुन्हा बोलावंसं वाटतं त्या कामाच्या क्रमांकपट्टीवर (चित्रावर नव्हे!) टिकली लावायची. एक जरी टिकली असली तरी ते काम पुढे जातं. तिघांनी मिळून काही गाळायचं नाही, एकट्याने काही वाचवता आलं पाहिजे.

यानंतर दहा मिनिटं काढून बिनटिकलीच्या कामांसमोरून तिघांनी एकत्र एक चक्कर मारा. खांबामागे, जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी लागलेली कामं मुद्दाम बघा. एकदा अशाच चकरेत चपलांच्या रॅकवर टेकवलेलं एक पत्र्याचं काम सापडलं. गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने ऑइलपेंटमध्ये स्वतःचंच दुकान रंगवलं होतं. आयोजकांना ती पाटी वाटली होती.

बघायचं काय

पहिला प्रश्न नेहमी एकच: या माणसाला काय करायचं होतं? त्यानंतर, ते त्याला कितपत जमलं? आणि मग, करण्यासारखं होतं का? हा क्रम उलटा केला की गडबड होते, कारण मग आपण आपल्या आवडीचं चित्र शोधत फिरतो. माझी आवड जलरंगाची. म्हणून मी जलरंगांवर जास्त कडक असतो आणि तैलरंगांना उगाच सूट देतो. हे मला माहीत आहे, म्हणून बाकी दोघांना आधीच सांगून ठेवतो.

माध्यमागणिक नजर बदला. जलरंगात मी आधी पांढरं शोधतो. रावेरकडच्या एका मुलाचं ट्रकमध्ये केळीचे घड भरतानाचं चित्र होतं, अर्ध्या इंपिरियल (साधारण 22 बाय 15 इंच) कागदावर. पानाच्या मधल्या शिरेवर ऊन पडलेलं. तिथे रंगच नव्हता, कागद तसाच सोडला होता. म्हणजे कुंचला उचलण्याआधीच त्याला ऊन कुठे पडणार ते माहीत होतं. बाजूच्या चित्रात तेच ऊन वरून पांढऱ्या पोस्टर कलरने लावलेलं, खडूसारखं दिसत होतं. अपारदर्शक रंग वापरणं हा गुन्हा नाही, कित्येक जण ठरवून वापरतात. पण ठरवून लावलेला आणि सुचलं नाही म्हणून थापलेला, यातला फरक हातभर अंतरावरून दिसतो.

पेन्सिलच्या व्यक्तिचित्रांवर लोक फार भाळतात. "केस न् केस काढलाय!" खरं आहे, आणि त्यामागे महिन्याभराची मेहनत असते. पण नाक बघा. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. चित्रातही तसंच उतरलं असेल, तर चित्रकाराने आजोबांकडे पाहिलेलं नाही, फोटोकडे पाहिलंय. मेहनतीला मार्क द्या, नजरेचे राखून ठेवा.

गोधडी उलटी करून बघा. (विचारून.) मागच्या बाजूने टाक्यांची ओळ कशी चालली आहे, कोपऱ्यावर कशी वळली आहे, जुन्या लुगड्याचे कोणते तुकडे कुठे ठेवलेत, यावरून रंगाची जाण कळते. शिल्पाला फेरी मारा. पुष्कळ मूर्ती समोरून तयार आणि मागून सपाट असतात.

सातपुड्याकडून, धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या कामांबाबत परीक्षकांची मोठी चूक होते. एकाने भिंतीवरच्या घोड्यांच्या धाटणीचं चित्र लावलं होतं आणि शेजारचे परीक्षक म्हणाले, "यथार्थदर्शन चुकलंय." ही धाटणी पिठोऱ्याची, आणि पिठोऱ्यात लांबचं लहान आणि जवळचं मोठं असा हिशोबच नसतो. गुजरात-मध्य प्रदेशाच्या हद्दीवर राठवा, भिलाला लोक तो देवासाठी भिंतीवर लिहवून घेतात, आणि लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. अशा चित्राला त्याच्या घरचे नियम लावा. उलट बाजूने, दर प्रदर्शनात दहा-बारा 'वारली' असतात. वारली पालघर-डहाणूकडची. आपल्याकडचं पोर त्रिकोणांची माणसं काढून त्यांना तारप्यावर नाचवतं, पण तारपा हे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य त्याने ऐकलेलं नसतं. तिथे मी बघतो की त्याने त्या आकारांत स्वतःच्या गावातलं काही आणलंय का. एका मुलीने त्याच त्रिकोणांनी आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची मिरवणूक काढली होती. तिला माझी टिकली मिळाली.

फोटोंचा गट असेल तर 'हे मांडून काढलंय' अशी तक्रार येते. चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव सांगा. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात हा माणूस 1989 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि टेबलावर देखावे रचून त्यांचे फोटो काढत राहिला. मांडणं हीसुद्धा कलाच. बातमीचा फोटो म्हणून मांडलेलं विकलं तर मात्र फसवणूक.

नक्कल

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी, परीक्षक म्हणून माझी दुसरी की तिसरी खेप. पावसात चाललेली बैलगाडी, मागे डोंगर, चाकाखालचं पाणी उडालेलं. आम्ही एकमताने पहिला नंबर दिला. निकाल जाहीर झाल्यावर समोरच्या टपरीवर चहाला गेलो, तर तीच बैलगाडी भिंतीवर. खाली खतांच्या दुकानाचं नाव, महिना ऑगस्ट. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, हाई तं दोन सालथून आठेच शे." (हे तर दोन वर्षांपासून इथेच आहे.) चहा घशाखाली उतरला नाही.

आता मोबाइलमध्ये चित्राचा फोटो काढून गुगल लेन्सवर टाकता येतो. निदान शेवटच्या दहा कामांचं तेवढं कराच. मोबाइलवर एआयने बनवलेलं चित्र समोर ठेवून रंगवलेलीही कामं आता येऊ लागलीत. तिथे लेन्सला काही सापडत नाही. संशय आला तर आयोजकांना फोन करायला सांगा: कच्ची रेखाटनं आहेत का, संदर्भ कुठला घेतला? खरोखर काढणाऱ्याकडे चार फाटके कागद असतातच. चारचौघांत आरोप करू नका. सिद्ध होत नसेल तर क्रम खाली आणू नका. तुमचा संशय हा मार्कांचा रकाना नाही.

नक्कल आणि अभ्यास यांत मात्र गल्लत नको. आपल्या उंबरठ्यावर अजिंठा आहे आणि त्याची नक्कल करण्यात माणसांनी आयुष्यं घातलीत. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रं उतरवत राहिला, त्यातली बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, आणि तो स्वतः भुसावळला पुरलेला आहे. 1909 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर नकला करायला आलेल्यांत पुढे नामवंत झालेले बंगाली चित्रकार, तरुण नंदलाल बोस होते. तेच नंदलाल बोस 1936 च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या सजावटीसाठी पुन्हा इकडे आले, तेव्हा त्यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून सगळं उभं केलं. म्हणून पाच पद्मपाण्यांवर चिडू नका. 'अनुकृती' असा वेगळा गट करायला सांगा, त्यात प्रमाणपत्रं द्या, मुख्य बक्षीस नको. हयात चित्रकाराचं काम उतरवून विकायला ठेवलं असेल तर मात्र तो कायद्याचा प्रश्न होतो. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतो.

मार्कांचा घोळ

बहुतेक ठिकाणी तिघांचे शंभरपैकी मार्क बेरीज करतात. यात एक खोच आहे. समजा तीन चित्रं उरली, क, ख आणि ग. पहिले परीक्षक मोकळ्या हाताचे: क ला 90, ख ला 60, ग ला 62. दुसऱ्या बाई जपून देणाऱ्या: 72, 75, 74. तिसरे: 71, 75, 73. बेरीज केली तर क 233, ख 210, ग 209. क पहिला. पण दोन परीक्षकांनी क ला शेवटी ठेवलं होतं! एकट्याच्या सैल हातामुळे निकाल फिरला.

म्हणून मार्क स्वतःपुरते द्या, आणि बेरीज क्रमांकांची करा. वरच्या उदाहरणात क चे क्रमांक 1, 3, 3 म्हणजे 7. ख चे 3, 1, 1 म्हणजे 5. ग चे 2, 2, 2 म्हणजे 6. सगळ्यात कमी बेरीज ख ची, तो पहिला. बेरीज सारखी आली तर दोन्ही चित्रं काढून शेजारी-शेजारी ठेवा आणि बोला.

बोलताना वयाने सगळ्यात लहान परीक्षकाला आधी बोलू द्या. आपल्याकडे थोरले बोलले की विषय संपतो, "सर म्हणतात तर तसंच असेल." धाकट्याने आधी सांगितलं तर थोरल्यालाही विचार करावा लागतो. आणि "मला भावलं" एवढ्यावर कुणाला सोडू नका. कुठे भावलं, बोट ठेवून दाखवा.

निकाल

प्रत्येक बक्षिसाखाली दोन ओळी लिहून द्या, माइकवरून वाचून दाखवायला सांगा. प्रमाणपत्रावरची नावं समारंभाआधी अर्जाशी ताडून बघा. एकदा पाटीलची पाटील्ये झाली आणि सगळा हॉल हसला, ती मुलगी सोडून. लोकांच्या पसंतीचं बक्षीस असेल तर त्याची पेटी वेगळी, त्याचा तुमच्या निकालाशी संबंध नको. ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकतो, आणि ते ठीक आहे.

समारंभ संपला की लगेच गाडीत बसू नका. तासभर हॉलमध्ये थांबा आणि ज्यांचा नंबर आला नाही त्यांना सांगा की विचारायचं असेल तर या. माझ्या मते खुल्या प्रदर्शनात परीक्षकाला खरं बोलावलेलं असतं ते या तासासाठी. सुरुवातीला कुणी येत नाही. मग एखादे मामा भाचीला पुढे ढकलतात: "सर, आमच्या पोरीचा नंबर का नाही आला?" मामांशी बोलू नका, मुलीला तिच्या चित्रापाशी घेऊन जा. मागच्या वर्षी असंच झालं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या चार बाया होत्या, चौघींचेही हात पदराखाली नाहीतर घागरीमागे गेलेले. मी विचारलं, "हात कुठे आहेत?" ती जरा थांबून म्हणाली, "सर, जमत नाहीत म्हणून लपवले."

मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर माझा डावा हात काढून दाखवला, तिने तिचा. तोवर हॉलवाल्याने निम्मे दिवे बंद केले होते आणि मामा दारात गाडी सुरू करून उभे होते.